टाकीतली मारामारी आणि पाण्याचा वास

माझं गोव्यात फोंड्याला शोभिवंत माशांचं दुकान आहे. सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी तक्रार एकच: ‘बाय, हो एकलोच सगळ्यांक मारता.’ मग गिऱ्हाईक विचारतं, टाकी मोठी घेऊ का, खाणं वाढवू का, मारणाऱ्याला काढून टाकू का. मी आधी एवढंच विचारते, की पाणी शेवटचं कधी बदललं आणि किती बदललं. ‘कालच, सगळं, टाकी अगदी घासून-पुसून’ असं उत्तर आलं, की निम्मं निदान तिथेच होतं.

आपण माशांची भांडणं डोळ्यांनी बघतो, म्हणून वाटतं की तेही डोळ्यांनीच भांडतात. रंग, पिसारलेले पर, तोंडाला तोंड लावून ओढाओढी, हे सगळं खरं. पण कोण वरचढ, कोण खालचा, कोण ओळखीचा, कोण उपरा, यातलं पुष्कळसं त्यांना पाण्यातून नाकानं कळतं. ते पाणी आपण एका दुपारी फेकून दिलं, तर टाकीतल्या माशांना आपापली जागा पुन्हा पहिल्यापासून ठरवावी लागते. आणि ती ठरते मारामारीनंच.

पुढे लिहिते आहे ते मुख्यतः सिक्लिड कुळातल्या माशांबद्दल, कारण तक्रारी त्यांच्याच येतात. एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, आफ्रिकेतले रंगीत सिक्लिड, आपला तिलापिया आणि आपल्या खाजनातला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या पाण्यातला) कालुंदर, म्हणजे पर्ल स्पॉट, हे सगळे त्याच घरचे. ओळखायची एक सोपी खूण आहे. मासा काचेजवळ आला की त्याच्या तोंडाच्या वर, डोळ्याच्या पुढे नीट बघा. बहुतेक माशांना एका बाजूला नाकाची दोन भोकं असतात, पाणी एकातून आत जातं आणि दुसऱ्यातून बाहेर पडतं. सिक्लिडला प्रत्येक बाजूला एकच भोक असतं. त्या नाकाचा श्वासाशी काही संबंध नाही, श्वास कल्ल्यांनी चालतो. नाक फक्त वास घेण्यासाठी.

तिलापियावरून सुरुवात करते, कारण या विषयात सगळ्यात जास्त अभ्यास त्याचाच झाला आहे. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज तो गोव्यातल्या तळ्यांत आणि ओहोळांत घरच्यासारखा वावरतो. विणीच्या दिवसांत वरचढ नर काळाकुट्ट होतो, हनुवटी आणि गळा पांढुरका राहतो, परांच्या कडा लालसर दिसतात. तो तळाच्या मातीत खड्डा करतो आणि तो राखतो. पोर्तुगालच्या फारो शहरात अल्गार्व विद्यापीठ आहे, तिथल्या संशोधकांनी नरांना रंगाचं इंजेक्शन दिलं, म्हणजे त्यांची लघवी पाण्यात डोळ्यांना दिसेल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं ते असं: भांडताना नर एकेका सेकंदाच्या पिचकाऱ्या मारतो आणि त्या वेळी त्याचं लघवी करणं खूप वाढतं. ज्यानं शरणागती पत्करली, तो त्या अवस्थेत लघवी सोडतच नाही. वरच्या दर्जाच्या नराच्या मूत्राशयात लघवी जास्त साठलेली असते आणि तिचा वासही इतरांच्या नाकाला जास्त तीव्र लागतो.

त्याच गटानं २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. वरचढ नराच्या लघवीचा वास आला, की समोरच्या नराच्या अंगातलं नर-संप्रेरक वाढतं, तरीही त्याची आक्रमकता कमी होते. म्हणजे हा वास भांडण पेटवायला नसतो, थांबवायला असतो. ‘इथे कोण आहे ते ओळख आणि बाजूला हो’ एवढं त्यातून पोचतं, आणि दोघांचीही हाडं-खवले शाबूत राहतात. माद्यांवरचा परिणाम वेगळा. त्याच लघवीतले दोन स्टेरॉइड माद्यांच्या शरीराला अंडी पिकवण्याच्या तयारीला लावतात. एकाच पिचकारीतून नराला एक निरोप आणि मादीला दुसरा.

आता हे आपल्या बादलीपर्यंत आणू.

दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी काठोकाठ भरली तर साधारण ५६ लिटर पाणी मावतं. रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली, तर प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहतं. सिक्लिडच्या टाकीत आठवड्याला एकदा पाव हिश्शाहून जास्त पाणी बदलू नका. या टाकीत ते दहा-अकरा लिटर झालं, म्हणजे एक मध्यम बादली. ब्राझीलमध्ये एंजलवर केलेला एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्मं पाणी बदललं तेव्हा गटातली मारामारी वाढली, पाव बदललं तेव्हा त्रास कमी झाला. दुकानात मला जे रोज दिसतं त्याच्याशी हे तंतोतंत जुळतं.

बदलण्याची रीतही सांभाळायला हवी. तळाची घाण पाइपनं ओढून काढा, पण फिल्टरचा स्पंज त्याच दिवशी धुऊ नका. तो दुसऱ्या आठवड्यात, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली नको. नव्या पाण्यात अँटिक्लोरीन टाका. विहिरीचं पाणी असेल तर क्लोरीन नसतो, पण आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं. आफ्रिकेतल्या मोठ्या तळ्यांच्या सिक्लिडना कठीण पाणी लागतं, तेव्हा ते तपासून घ्या. पाणी हळू ओता आणि हात घालून बघा, थंड-गरम फरक जाणवता कामा नये.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. वास टिकवायचा म्हणून घाणेरडं पाणी ठेवायचं, असा अर्थ कुणी काढू नये. माशाचा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर पडतो, आणि तो विष आहे. टेस्ट किटमध्ये अमोनिया किंवा नायट्राइट दिसला, तर आधी पाणी बदला, भांडणाचं नंतर बघू. फक्त एका वेळी अर्धी टाकी उपसण्याऐवजी रोज थोडं थोडं बदला. आणि असं वरचेवर करावं लागत असेल तर मासे जास्त झाले आहेत किंवा फिल्टर कमी पडतो आहे, दुसरं काही नाही. फिल्टरमधला कोळसाही विनाकारण कायम ठेवू नका. तो पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ शोषतो. औषध दिल्यानंतर ते काढून टाकण्यासाठी त्याचा खरा उपयोग.

आता संप्रेरकांकडे. माशांत नरपणाचं मुख्य संप्रेरक म्हणजे ११-कीटोटेस्टोस्टेरॉन, आपल्याला माहीत असलेल्या टेस्टोस्टेरॉनपासूनच शरीर ते तयार करतं. लोकांना वाटतं, की हे संप्रेरक जास्त म्हणून मासा भांडतो. गंमत अशी, की उलटही तितकंच खरं आहे: भांडण झालं म्हणून, आणि त्याचा निकाल काय लागला त्यानुसार, संप्रेरक वर-खाली होतं. तिलापियावरच्या दोन प्रयोगांचे निष्कर्ष टाकी ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावेत. २००१ मध्ये दिसलं, की दुसऱ्या दोघांची मारामारी नुसती बघणाऱ्या नराचंही संप्रेरक चढतं. आणि २००५ मध्ये दिसलं, की नराला आरशासमोर ठेवलं तर तो जीव खाऊन भांडतो, पण संप्रेरक चढत नाही, कारण आरशातला ना हरतो ना पळतो. भांडणाचा निकालच लागत नाही.

यातून दोन नियम निघतात. पहिला, दोन तापट माशांमध्ये पार्टिशन घालायचं तर पारदर्शक काच घालू नका. एकमेकांना बघत राहिले तर भांडण दिवसभर चालू राहतं, फक्त चावे बसत नाहीत. दुधी किंवा काळी प्लास्टिक शीट घ्या, आणि तिला बारीक भोकं असतील तर उत्तम. नजर अडते, पण पाणी आणि त्यातला वास इकडून तिकडे फिरत राहतो. माझ्या अनुभवात असे शेजारी पुढे एकत्र सोडले तर लवकर निवळतात. दुसरा नियम फायटर पाळणाऱ्यांसाठी. माशाला ‘तयार करायचा’ म्हणून रोज आरसा दाखवणारे पुष्कळ आहेत. तुमच्या करमणुकीसाठी तो मासा संपत नाही अशा भांडणात दमत असतो. आरसा काढून ठेवा. संध्याकाळी खोलीत अंधार आणि टाकीत दिवा असेल तर काचही आरशासारखी होते, तेव्हा मागच्या काचेला बाहेरून गडद कागद लावा.

हरलेल्याची बाजू बघायला कुणाला वेळ नसतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. सतत मार खाणाऱ्या माशाच्या अंगात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढलेलं राहतं. थोड्या वेळापुरतं ते उपयोगाचं असतं, पळायला बळ देतं. पण दिवसेंदिवस चढलेलं राहिलं तर मासा वाढत नाही, खात नाही, आणि रोगाशी लढायची ताकद जाते. असा मासा टाकीत शोधायचा कसा? तो बहुधा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, पृष्ठभागाला लागून तिरका उभा असतो. पर अंगाला चिकटलेले. रंग फिका, किंवा जातीप्रमाणे डागाळलेला. कल्ले भराभर हलतात. खाणं टाकलं की तो इंचभर पुढे येतो, वरचढ माशाकडे बघतो आणि पुन्हा मागे सरतो. शेपटीच्या कडा फाटलेल्या दिसायच्या आधी हे सगळं दिसतं, आणि हीच वेळ असते हात घालायची. पांढरे ठिपके किंवा बुरशी आल्यावर औषध विचारायला येणाऱ्यांना मी औषध देतेच, पण मार चालू असताना औषधाचा उपयोग होत नाही.

अशा वेळी टाकीतून मारणाऱ्याला काढा. मार खाणाऱ्याला काढलं तर मारणारा तिथेच राहतो, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला नवा बळी सापडतो. मारणाऱ्याला वेगळ्या टाकीत काही दिवस ठेवा. मधल्या काळात बाकीच्यांची आपसात रचना बसते. त्याला परत सोडायच्या आधी दगड आणि लाकडं हलवून ठेवा, म्हणजे त्याची ‘माझी गुहा’ उरत नाही. सोडताना दिवा बंद, आणि आधी सगळ्यांना खायला घातलेलं.

नवा मासा आणला तर हीच पद्धत, पण आधी त्याला वेगळं ठेवून रोग नाही ना ते बघायचं. दोन-तीन आठवडे तरी. तो ठणठणीत आहे याची खात्री झाली, की शेवटच्या काही दिवसांत मोठ्या टाकीतलं मगभर पाणी रोज त्याच्या टाकीत घालते. यामागे बुलहेड नावाच्या अमेरिकन कॅटफिशवरचं जुनं काम आहे. १९६७ मध्ये दाखवलं गेलं, की हे मासे एकमेकांना वासावरून वैयक्तिकरीत्या ओळखतात. दिसत नसलेले मासेसुद्धा ओळखतात. सिक्लिड म्हणजे कॅटफिश नव्हेत हे मान्य, पण नव्या पाहुण्याच्या नाकाला घराचा वास आधी लागलेला बरा, असं माझं मत आहे. शक्य असेल तर एकच नवा मासा आणू नका, तीन-चार एकदम आणा. सगळा राग एकट्यावर निघत नाही.

गोल्डफिश, झेब्रा, रासबोरा, बार्ब पाळणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. या माशांच्या कातडीत एक रसायन असतं, ते कातडी फाटल्यावरच बाहेर पडतं. मधमाश्यांच्या नाचासाठी पुढे नोबेल मिळालेल्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो नावाच्या छोट्या माशांत हे प्रथम वर्णिलं. एकाला जखम झाली की त्या रसायनानं सगळा थवा घाबरतो, एकत्र गोळा होतो, तळाला बसतो किंवा सैरावैरा पळतो. त्यामुळे एका टाकीत खरचटलेला मासा पकडलेलं जाळं तसंच दुसऱ्या टाकीत बुडवू नका. जाळं मऊ, बारीक विणीचं घ्या. आणि सगळे एकदम तळाला का बसले याचं कारण सापडत नसेल, तर पाण्याबरोबर एकेका माशाचे खवलेही तपासा. ओरखडा सापडू शकतो.

आता कालुंदर. आवडीनं खाणारे पुष्कळ, पाळणारे थोडे, आणि मला दुसऱ्या गटाबद्दल विशेष माया आहे. मांडवी-झुआरीच्या खाड्यांतून भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, खाजनात येतं, त्याबरोबर हा मासा येतो. लहान पिल्लं थव्यानं शांत राहतात, म्हणून लोक खुशीत दोन फुटाच्या टाकीत सोडतात. पण कालुंदर वीतभर सहज वाढतो. चार फुटांहून लहान टाकीत तो ठेवू नका. नर-मादी दिसायला जवळपास सारखे, त्यामुळे जोडी विकत मागू नका. सहाएक पिल्लं एकत्र वाढवा, त्यांची जोडी त्यांनाच जमवू द्या.

जोडी जमली की टाकीचा नूर बदलतो. दोघं एखादा दगड किंवा करवंटी निवडतात आणि तोंडानं घासून घासून ती स्वच्छ करतात. मग बाकीच्या चौघांना टाकीचा अर्धा भाग बंद. हे दुखणं नव्हे, आणि त्याला उपायही करायचा नसतो. बाकीच्यांना दुसऱ्या टाकीत हलवा आणि जोडीला राहू द्या. अंडी चिकटवून झाली की दोघंही पाळीपाळीनं परांनी वारा घालतात, पांढरी पडलेली अंडी वेचून काढतात. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात, तेव्हा आईबाप ती तोंडानं उचलून रेतीतल्या खड्ड्यात नेतात, पुन्हा दुसऱ्या खड्ड्यात नेतात. या काळात काचेवर बोट ठेवलंत तरी दोघं धावून येतील. येऊ द्या. तिथे पोरं गोळा करून दाखवू नका, दिवा उशिरापर्यंत ठेवू नका. त्याच टाकीत नारिंगी क्रोमाइड, म्हणजे कालुंदराचे छोटे भाईबंद, असतील तर ते मात्र काढाच. क्रोमाइडची पिल्लं मोठ्या कालुंदराच्या अंगावरची कीड टिपून खातात हे खरं, पण संधी मिळाली तर कालुंदराची अंडी आणि पिल्लंही ते खातात.

या दिवसांत मिठाचं प्रमाण बदलू नका. कालुंदर खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यांत जगतो, पावसात खाजनाचं पाणी गोडं झालं तरी टिकतो, पण ते शरीराला फुकट पडत नाही. गोड्या पाण्यात अंगातले क्षार धरून ठेवायला माशाला प्रोलॅक्टिन हे संप्रेरक लागतं. हे १९५९ मध्ये किलीफिश नावाच्या छोट्या माशावर दाखवलं गेलं: ते संप्रेरक बनवणारी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी काढलेले मासे गोड्या पाण्यात मरत, प्रोलॅक्टिन दिलं की जगत. खाऱ्या पाण्याशी जुळवून घेताना कॉर्टिसॉल कामाला येतं. पिल्लं सांभाळणाऱ्या जोडीवर आणखी हे ओझं कशाला? सागरी मीठ वापरून घनता १.००५ च्या आसपास आधीपासूनच स्थिर ठेवा. बदलाच्या बादलीतही तेवढंच मीठ मिसळा.

पावसाळ्यात वीज गेली की पंप बंद पडतो आणि मासे हवेसाठी वर गोळा होतात. वरचढ कोण, खालचा कोण या सीमा मोडतात आणि वीज आल्यावर चकमकी झडतात. बॅटरीवर चालणारा एअरपंप घरात असू द्या. मे महिन्यात टाकी उन्हाच्या भिंतीला लागून असेल तर ती आधी हलवा, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि मासे चिडखोर होतात.

बाजारात कधी कधी फार लवकर रंग चढलेले मासे येतात, अगदी लहान वयात झगझगीत. अशा माशांना संप्रेरक मिसळलेलं खाणं दिलेलं असू शकतं. मिथाइलटेस्टोस्टेरॉन हे कृत्रिम नर-संप्रेरक तिलापियाच्या शेतीत वापरतात: खाण्याच्या किलोमागे ६० मिलिग्रॅम, पिल्लं खायला लागल्यापासून तीन-चार आठवडे, म्हणजे जवळपास सगळे नर निघतात. ते शेतीचं काम, जाणकाराच्या हातचं. घरच्या टाकीत रंगासाठी किंवा ‘मर्दपणासाठी’ असली भुकटी कुणी विकत असेल तर घेऊ नका. रंग उतरतो, मासा वांझ राहू शकतो, आणि टाकीतली शांतता तर जातेच.

आणि मासा आवरेना म्हणून तो विहिरीत, तळ्यात किंवा मानशीच्या पाण्यात सोडू नका. तिलापियाची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, एका मादीवर नवी वस्ती उभी राहते, आणि मार खातो तिथला कालुंदर. दुकानात आणून द्या, मी ठेवून घेते, पैसे घेत नाही. आणायच्या आदल्या दिवशी त्याला उपाशी ठेवा म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होणार नाही. पिशवीत एक तृतीयांश टाकीतलंच पाणी, बाकी हवा. कोपरे रबर बँडनं बांधा, म्हणजे मासा त्यात अडकत नाही. एका पिशवीत एकच तापट मासा, आणि पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून, अंधारात.